जुना कॅमेरा घेतांना

कोल्हापुरांत खरी कॉर्नर भागांत एक मानस्तंभ उभा आहे. तो राजाचा नव्हे, योद्ध्याचा नव्हे. तो कॅमेऱ्याचा आहे. एखाद्या शहरानें यंत्राला असा मान द्यावा ही गोष्ट सहसा घडत नाहीं. आणि ज्या कॅमेऱ्याची हा स्तंभ आठवण देतो, तो कांहीं विलायतेहून पेटींत बंद होऊन आलेला कोरा माल नव्हता. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं प्रकाशित झाला, आणि नाटकांचे पडदे रंगविण्यांत नांवाजलेले आनंदराव व बाबूराव पेंटर हे दोघे बंधु त्या नव्या कलेनें भारून गेले. मुंबईच्या जुन्या बाजारांतून त्यांनीं एक वापरलेला प्रोजेक्टर मिळविला, त्यावर चित्रपट दाखविले, आणि तें यंत्र चालतें कसें याचा अभ्यास करीत करीत स्वतःचा कॅमेरा बनविण्यास हात घातला. १९१६ सालीं आनंदराव अकालीं वारले. बाबूरावांनीं आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें तें काम पुढें चालविलें, आणि १९१८ सालीं चालूं शकणारा कॅमेरा त्यांच्या हातीं आला. १९२० सालीं त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. म्हणजे कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीच्या मुळाशीं जुन्या बाजारांतून आणलेली एक वस्तु आहे, आणि ती वस्तु आधीं समजून घेऊन मग कामास लावण्याची चिकाटी आहे.

आज अनेक सुशिक्षित घरांत हीच चिकाटी निराळ्या कारणानें जागी होत आहे. कॉलेजच्या दिवसांत ज्यांनीं फिल्मवर छायाचित्रें काढलीं, पुढें संसार व नोकरी यांच्या ओघांत ज्यांचा कॅमेरा कपाटांत गेला, आणि मधल्या काळांत ज्यांच्या खिशांतील फोननेंच छायाचित्रणाचें काम आटोपलें, अशीं माणसें पुन्हा फिल्मकडे वळत आहेत. कोणाला निवृत्तीनंतर वेळ मिळाला आहे. कोणाला फोनमधील हजारों चित्रें पुन्हा उघडून पाहण्याचा कंटाळा आला आहे. कोणाला वडिलांच्या ट्रंकेंत चाळीस वर्षें राहिलेल्या निगेटिव्ह आजही प्रकाशासमोर धरतांच स्पष्ट दिसतात याचें नवल वाटतें, आणि गेल्या दोन फोनांतील चित्रें मात्र कोठें गेलीं हें सांगतां येत नाहीं याची खंत वाटते. हौस खरी आहे. पण ती हौस बाजारांत जाऊन उभी राहिली, कीं पहिल्याच व्यवहारांत फसण्याचा संभवही तितकाच खरा आहे. बंद पडलेला कॅमेरा, बुरशी चढलेलें भिंग, कोरी आलेली पहिली फिल्म, एवढें झालें म्हणजे परत आलेला मनुष्य पुन्हा कधीं परतत नाहीं. म्हणून वापरलेला कॅमेरा स्वस्तांत आणि डोळसपणें कसा घ्यावा, हा विषय दिसतो तितका किरकोळ नाहीं.

नवा फिल्म-कॅमेरा कां घेऊं नये, असा प्रश्न प्रथम मनांत येतो. त्याचें उत्तर असें कीं तो जवळजवळ मिळतच नाहीं. डिजिटल यंत्रांच्या प्रसारानंतर एकेका कारखान्यानें फिल्म-कॅमेरे बनविणें सोडलें; ज्या कोडॅक कंपनीनें फिल्म घरोघर नेली, तिला २०१२ सालीं दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पुढें मागणी थोडी वाढली. जर्मनीच्या लायका कंपनीनें २०२२ सालीं आपला जुना एम ६ पुन्हा काढला, आणि २०२४ सालीं पेंटॅक्स १७ हा अर्ध्या चौकटीचा कॅमेरा बाजारांत आला. पण लायका ही श्रीमंतांची गोष्ट झाली, आणि पेंटॅक्सची किंमतही एका चांगल्या जुन्या कॅमेऱ्याच्या मानानें जड आहे. मध्यमवर्गीय घराला परवडणारा मार्ग एकच उरतो, तो जुन्या मालाचा. जुनें तें सोनें ही म्हण मात्र येथें जशीच्या तशी लागूं पडत नाहीं. जुन्यांतलें कांहीं सोनें असतें आणि पुष्कळसें पितळ असतें.

सर्वांत स्वस्त कॅमेरा बाजारांत नसून बहुधा घरांतच असतो. माळ्यावरची ट्रंक, देवघराशेजारचें फडताळ, काकांच्या कपाटाचा खालचा कप्पा येथें शोध करावा. एका पिढीच्या घरांत ॲग्फा क्लिक थ्री हा बडोद्यास बनलेला साधा कॅमेरा पुष्कळदां सांपडतो. त्याचें भिंग साधें, ऊन व ढग यांपुरती प्रकाशाची सोय. १२० क्रमांकाच्या फिल्मवर तो १२ चौकोनी चित्रें देतो. १२० ची फिल्म आजही बनते, त्यामुळें हें खेळण्यासारखें दिसणारें यंत्र अजून निरुपयोगी झालेलें नाहीं. भर उन्हांत, स्थिर उभ्या माणसांचें चित्र तें समाधानकारक काढतें, आणि बिघडण्यासारखे भागच त्यांत थोडे असतात. ज्याला आपली हौस खरी आहे कीं क्षणिक आहे हें पाहावयाचें असेल, त्यानें घरच्या क्लिकमध्यें एक रोल घालून प्रारंभ करावा, यासारखी काटकसर नाहीं.

घरांत कांहीं निघालें नाहीं तर मग बाजार. तेथें पाऊल टाकण्यापूर्वीं हिशेब मांडावा. कॅमेरा एकदां घ्यावयाचा असतो. फिल्म मात्र दर वेळीं घ्यावी लागते, धुवून आणावी लागते आणि तिचीं चित्रें काढावीं लागतात. महिन्याला ३५ मिलिमीटरचा एक रोल वापरला तर वर्षाला १२ रोल आणि ४३२ चित्रें होतात. १२० च्या फिल्मवर तेच १२ रोल चौकोनी आकारांत १४४ चित्रें देतात. तीं मोठीं व सुबक असतात, पण प्रत्येक चित्राचा खर्च त्या मानानें वाढतो. म्हणून कॅमेऱ्यासाठीं बाजूला काढलेल्या रकमेचे तीन भाग करावे: एक यंत्रासाठीं, एक त्याच्या साफसफाईसाठीं व दुरुस्तीसाठीं, आणि एक पहिल्या सहा महिन्यांच्या फिल्मसाठीं. सर्व रक्कम यंत्रावर उधळून मग रोल घेण्यास हात आंखडणारा मनुष्य शेवटीं कपाट सजवितो, चित्रें काढीत नाहीं.

यंत्र निवडतांना त्याचा वरचा थाट न पाहतां एकच भेद प्रथम ध्यानांत घ्यावा: बॅटरीवांचून ज्याचें शटर चालतें तें यंत्र, आणि बॅटरी संपतांच जें मुकें होतें तें यंत्र. पेंटॅक्स के १००० हा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनलेला कॅमेरा पहिल्या जातीचा आहे. त्याची बॅटरी केवळ प्रकाश मोजण्यापुरती. ती काढून घेतली तरी एका सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सर्व वेग चालतात. १९८२ सालीं निघालेला निकॉन एफएम २ आणि पुढचा साधा एफएम १० हेही त्याच वळणाचे. याउलट कॅनन एई-१ हा १९७६ चा लोकप्रिय कॅमेरा सहा व्होल्टच्या बॅटरीवांचून एकही चित्र घेत नाहीं. यशिका इलेक्ट्रो ३५ हा १९६६ सालचा कॅमेरा मधल्या स्थितींत आहे. बॅटरी नसतां तो सेकंदाच्या पांचशेंव्या भागाचा एकच वेग देतो. विजेवर चालणारे कॅमेरे वाईट होत असें नव्हे. पण त्यांतील मंडल जळलें तर तें बदलून देणारा कारागीर आणि सुटा भाग या दोन्ही गोष्टी दुर्मिळ आहेत. चक्रें, कमानी आणि तरफा यांचें यंत्र मात्र घड्याळासारखें उघडून, पुसून, तेल देऊन पुन्हा चालतें करतां येतें. कारागीर म्हातारे झाले आहेत, पण अगदींच नाहींसे झालेले नाहींत.

स्टुडिओ चालविणाऱ्या छायाचित्रकारांच्या हातीं असलेले यशिकाचे दोन भिंगांचे कॅमेरेही जुन्या मालांत येतात. वरच्या भिंगांतून पाहावयाचें, खालच्या भिंगांतून चित्र घ्यावयाचें, आणि मान खालीं करून काचेवर उलटसुलट दिसणारें जग न्याहाळावयाचें, अशी त्यांची पद्धति. १९७० पासून निघालेला मॅट १२४ जी त्यांत विशेष प्रसिद्ध. त्याचें शटर यांत्रिक असल्यामुळें प्रकाशमापक बंद पडला तरी काम अडत नाहीं. ज्याला सावकाश, विचारपूर्वक माणसांचीं चित्रें काढावयाचीं आहेत, त्याला हा कॅमेरा मानवतो. ज्याला रस्त्यावरची धांवपळ टिपावयाची आहे, त्याला तो जड वाटतो.

प्रकाशमापकाविषयीं एक जुनें दुखणें येथें सांगितलें पाहिजे. १९६० ते १९८० च्या दरम्यानच्या अनेक कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागे. पारा विषारी म्हणून ते सेल जगभर बंद होत गेले. त्यांच्या जागीं १.५५ व्होल्टचा साधा चांदीचा सेल बसविला तर कित्येक यंत्रांत मापक चुकीचें सांगूं लागतो. बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रांत जो हवेवर चालणारा जस्ताचा सेल असतो, तो सुमारें १.४ व्होल्ट देतो आणि तेथें बरा चालतो. मात्र एकदां त्याचा कागद सोलला, कीं तो वापरा वा न वापरा, कांहीं आठवड्यांनीं संपतो. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळें 'मापक बिघडला' म्हणून चांगला कॅमेरा कवडीमोलानें विकला जातो, आणि ठाऊक असणारा तो उचलतो.

ऑलिंपस ट्रिप ३५ या १९६७ ते १९८४ पर्यंत बनलेल्या लहान कॅमेऱ्याला तर बॅटरीच नसते. भिंगाभोंवतीं असलेलें सेलेनियमचें कडें उजेडावरच चालतें. त्याची परीक्षा दुकानांत उभ्या उभ्या करतां येते. आपोआप चालण्याच्या खुणेवर ठेवून कड्यावर तळहात दाबून धरावा आणि कळ दाबावी. पाहण्याच्या खिडकींत तांबडी खूण वर यावी आणि शटर उडूं नये. मग हात काढून उजेडाकडे तोंड करावें. आतां शटर उडालें पाहिजे. अंधारांतही तें उडत असेल, किंवा लख्ख उजेडांतही तांबडी खूणच दिसत असेल, तर त्या कॅमेऱ्याला नमस्कार करून पुढें जावें.

आतां प्रत्यक्ष तपासणी. घेणाऱ्यानें बरोबर तीन वस्तु न्याव्या: एक लहान टॉर्च, वाया घालविण्यास हरकत नाहीं असा एक जुना रोल, आणि चालूं स्थितींतला सेल. प्रथम भिंग पाहावें. भिंगाचें छिद्र पूर्ण उघडून एका बाजूनें टॉर्चचा उजेड तिरकस पाडावा आणि दुसऱ्या बाजूनें आंत पाहावें. थोडी धूळ प्रत्येक जुन्या भिंगांत असते; तिनें चित्र बिघडत नाहीं. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा बर्फाच्या नक्षीसारखे फांटे दिसले तर ती बुरशी होय. कडेला एखादा ठिपका असेल तर किंमत उतरवून घेण्यास हरकत नाहीं. मध्यभागीं जाळें पसरलें असेल तर तें पुसूनही कांचेवर त्याचे ओरखडे राहतात. सगळ्या कांचेवर दुधाळ धुकें दिसलें तर चित्रांत काळ्याचा काळेपणा आणि पांढऱ्याचा पांढरेपणा दोन्ही उतरतात. जुन्या भिंगांतील कांचा एकमेकींस डिंकासारख्या द्रव्यानें चिकटविलेल्या असतात. ते सांधे सुटले कीं कडेला इंद्रधनुष्यी डाग दिसतात, आणि ती दुरुस्ती परवडत नाहीं.

कोल्हापूरकरास बुरशीचा हा विषय दूरचा नाहीं. जून ते सप्टेंबर भिंतीला ओल, कपड्यांना वास आणि चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी येथें घरोघर परिचयाची असते. चामड्याच्या चपलेवर जें होतें, तेंच चामड्याच्या पेटींत बंद केलेल्या कॅमेऱ्यांतही होतें. ती मूळची पेटी कितीही देखणी असली तरी ती ओल धरून ठेवते. कॅमेरा चांगलें झांकण असलेल्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, पुड्यांचा रंग बदलला कीं त्या तव्यावर मंद आंचेनें वाळवून पुन्हा ठेवाव्या, आणि पावसाळ्यांतही आठवड्यांतून एकदां कॅमेरा बाहेर काढून शटर चालवावें. न वापरणें हीच यंत्राची सर्वांत मोठी झीज आहे.

भिंगानंतर शटर. पाठ उघडून, भिंगासमोर उजेड ठेवून प्रत्येक वेगावर कळ दाबून पाहावी. एका सेकंदाचा वेग कानांनीं मोजतां येतो. तो तीन सेकंद रेंगाळला, किंवा अर्ध्या मार्गांत अडखळला, तर आंतील तेल घट्ट झालें आहे असें समजावें. मंद वेग रेंगाळणें हा सामान्य दोष असून सफाईनें जातो. पण त्या सफाईचे पैसे किंमतींतून वळते करून मागण्यांत संकोच नको. अतिवेगावर उजेडाची पट्टी सगळ्या चौकटीवर सारखी चमकली पाहिजे. एक बाजू काळी राहिली तर चित्राचा तितका भाग कायमचा काळाच येणार. कापडी पडद्याच्या कॅमेऱ्याला अंधाऱ्या खोलींत मागून टॉर्च लावून पाहावें. सुईच्या अग्राएवढें छिद्र असलें तरी प्रत्येक चित्रावर एक पांढरा तारा उमटतो. भात्याच्या जुन्या कॅमेऱ्यांत हीच तपासणी भात्याच्या चारही कोपऱ्यांची करावी. भिंगाच्या छिद्राचीं पातीं चटकन् बंद व्हावीं व उघडावीं. त्यांवर तेलाची चकाकी दिसली तर तीं चिकटण्याच्या मार्गावर आहेत.

पाठ उघडी आहे तोंच तिच्या कडेचा काळा फोम बोटानें अलगद दाबून पाहावा. जपानी कॅमेऱ्यांतील हा फोम वीस-तीस वर्षांत डांबरासारखा चिकट होतो आणि त्यांतून उजेड आंत शिरतो. हा दोष मोठा दिसतो, पण स्वस्त आहे. जुना फोम खरवडून, स्पिरिटनें पुसून त्या खांचेंत काळी लोकर किंवा मखमलीची पट्टी घरच्या घरीं बसवितां येते. सेलच्या कप्प्यांत हिरवा-पांढरा क्षार असेल तर थोडा असल्यास व्हिनेगरच्या बोळ्यानें निघतो, तारेपर्यंत पोंचला असल्यास नाहीं. पट्ट्यांच्या व स्क्रूंच्या खांचा कुरतडलेल्या दिसल्या तर आडगिऱ्हाइकी हातानें तो कॅमेरा आधीं उघडला आहे हें ओळखावें. शेवटीं जुना रोल भरून तो शेवटपर्यंत पुढें सरकवावा. फिल्म सरकतांना डावीकडची गुंडाळण्याची कळ फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर फिल्म आंत अडकलेलीच नाहीं, आणि असा प्रमाद ज्याच्या हातून एकदां घडला आहे त्याला छत्तीस चित्रें काढून शून्य हातीं येण्याचें दुःख निराळें सांगावें लागत नाहीं.

खरेदीचीं ठिकाणें तीन. पहिलें, ओळखीचें घर किंवा बंद होणारा स्टुडिओ. येथें वस्तूचा इतिहास कळतो आणि किंमतही माफक असते. दुसरें, जुन्या मालाचा व्यापारी. मुंबईच्या फोर्ट भागांतील कॅमेऱ्यांच्या दुकानांत किंवा चोरबाजारांत पुष्कळ माल एकाच ठिकाणीं पाहतां येतो, पण चोरबाजारांत घासाघीस व तपासणी या दोन्ही तेथल्या तेथें झाल्या पाहिजेत. तिसरें, इंटरनेट. तेथें हात लावून पाहतां येत नाहीं, म्हणून भिंगांतून उजेड टाकून काढलेलें चित्र, पाठीच्या आंतील बाजूचें चित्र, आणि शक्य तर त्याच कॅमेऱ्यानें काढलेलें एखादें छायाचित्र मागवावें, आणि परत करण्याची मुदत लेखी घ्यावी. 'तपासलेला नाहीं' असें जेथें लिहिलेलें असतें, तेथें 'तपासला आणि बंद निघाला' असें वाचण्याची सवय ठेवावी. भिंगें स्वतंत्र मिळणाऱ्या कॅमेऱ्यांत त्यांचा सांधा कोणता हेंही पाहावें; पेंटॅक्सचा के सांधा किंवा निकॉनचा १९५९ पासून चालत आलेला एफ सांधा असला तर पुढें जुनीं भिंगें मिळण्यास अडचण पडत नाहीं.

फिल्म पूर्वीं आपल्याच देशांत होत असे. उटकमंड येथें १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म एका पिढीनें वापरली. तो कारखाना आतां इतिहासजमा झाला आहे. आज कोडॅक, इल्फर्ड इत्यादि विदेशी फिल्म मागवावी लागते. जुन्या डब्यांतील मुदत संपलेली इंदू सांपडली तर ती आठवण म्हणून ठेवावी. तिच्यावर पहिला प्रयोग करूं नये, कारण चित्र धूसर आलें तर दोष फिल्मचा कीं कॅमेऱ्याचा हें ठरत नाहीं. सिनेमाची फिल्म लहान डब्यांत भरून स्वस्तांत विकतात. तिच्या पाठीवर काजळीचा थर असेल तर नेहमीच्या रंगीत प्रयोगशाळेंत ती देऊं नये, तो थर तेथील द्रावण व यंत्र दोन्ही बिघडवितो.

प्रारंभ काळ्या-पांढऱ्या फिल्मनें करणें शहाणपणाचें, कारण ती घरीं धुतां येते. रंगीत फिल्मच्या क्रियेला सुमारें ३८ अंश उष्णता अगदीं स्थिर राखावी लागते. काळ्या-पांढऱ्या फिल्मला २० अंश पुरतात आणि थोडी चूक खपते. इल्फर्ड एचपी ५ प्लस ही ४०० वेगाची फिल्म डी-७६ या मूळ द्रावणांत २० अंशांवर साडेसात मिनिटांत तयार होते. एप्रिल-मे मध्यें नळाचेंच पाणी याहून बरेंच उष्ण असतें. तेव्हां द्रावणाची बाटली बर्फाच्या पाण्यांत ठेवून ते अंश साधावे, किंवा उष्णतेच्या कोष्टकाप्रमाणें वेळ कमी करावा. त्यासाठीं स्वतंत्र खोली लागत नाहीं. एक टाकी, फिल्म भरण्यापुरता काळा कापडी झोळा, तापमापक आणि धुण्यासाठीं वाहतें पाणी एवढ्यावर मोरींत हें काम होतें.

प्रकाशमापक नसला तरी अडत नाहीं. लख्ख उन्हांत भिंगाचें छिद्र एफ १६ वर ठेवून शटरचा वेग फिल्मच्या वेगाइतका घ्यावा: १०० वेगाच्या फिल्मला सेकंदाचा १२५ वा भाग, ४०० वेगाच्या फिल्मला ५०० वा. विरळ ढग असतील तर एफ ११, दाट ढगांखालीं एफ ८, उघड्या सावलींत एफ ५.६. हा नियम फिल्मच्या डब्याइतकाच जुना आहे, आणि निगेटिव्ह फिल्म थोडा अधिक प्रकाश मिळाला तर रुसत नाहीं, कमी मिळाला तर मात्र रुसते. म्हणून संशय आला कीं एक पायरी प्रकाश अधिक द्यावा.

राहतां राहिला पहिला रोल. आणि येथेंच पुष्कळ जण चूक करतात. कॅमेरा घरीं आला कीं प्रथम आजीला अंगणांत बसवितात, नातवाचा वाढदिवस टिपतात, लग्नाला घेऊन जातात. यंत्रांत दोष निघाला तर वस्तूचें चित्र पुन्हा घेतां येतें. पण नव्वदीच्या आजीचें, हंसत असलेलें, सकाळच्या उन्हांतलें चित्र पुन्हा मिळेलच असें नाहीं. म्हणून पहिला रोल माणसांचा नसावा. तो भिंतींचा, झाडांचा, घाटाच्या पायऱ्यांचा असावा. रंकाळ्याच्या कांठीं सकाळीं एक तास आणि सायंकाळीं एक तास पुरे. एक चित्र भिंगाचें छिद्र पूर्ण उघडून, तेंच बारीक करून; एक मंद वेगावर, एक अतिवेगावर; एक हातभर अंतरावरचें, एक दूरच्या डोंगराचें, ज्यानें अंतर मोजण्याचें कडें खरें सांगतें कीं नाहीं हें कळेल. प्रत्येकाची नोंद एका वहींत करावी. फिल्म धुतल्यावर ती वही शेजारीं ठेवून निगेटिव्ह पाहिली, कीं कॅमेऱ्याचा स्वभाव उघडा होतो: कडेला उजेड झिरपतो, तर फोम बदलावा, अतिवेगावर एक बाजू अंधारी, तर तो वेग वर्ज्य करावा, सर्वच फिकें, तर मापकाला एक पायरी कमी समजावी. दोषरहित जुना कॅमेरा क्वचित्च मिळतो. ज्याचे दोष ठाऊक झाले आहेत असा कॅमेरा मात्र विश्वासानें हातांत धरतां येतो.

त्यानंतर दुसरा रोल भरावा. आतां सकाळच्या उन्हांत खुर्ची मांडून आजीला बाहेर बोलवावें, आणि कळ दाबण्यापूर्वीं तिला थोडें बोलतें करावें. त्या दिवशीं वहींत तारीख, वेग आणि छिद्र यांबरोबर तिचें नांवही पुरतें लिहून ठेवावें. निगेटिव्ह टिकेल, पण तिच्यावरच्या माणसाचें नांव ती सांगणार नाहीं.